कारण : बटण

बाबा मोरीत पडले ते पाऊस संपता संपता. खुब्याचं हाड मोडलं. अलिबागला ऑपरेशन झालं, आत सळी बसवली, आणि डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की आता सगळं चालण्यावर आहे. वॉकर घेऊन घरातल्या घरात रोज बारा फेऱ्या. चालले तर उठतील, पडून राहिले तर पडूनच राहतील. मी नवी मुंबईत एका कंपनीत बंदरातून येणाऱ्या मालाचे कागद तपासायचं काम करतो. आई जाऊन चार वर्षं झालीत, मला भावंड नाही, लग्न मी केलं नाही, आणि ते का केलं नाही हा आजचा विषय नाही. त्यामुळे बाबांजवळ राहणार कोण हा प्रश्न सगळ्या गावाने माझ्याच तोंडाकडे बघून विचारला.

मी अर्ज केला. आमच्या मॅडमनी तो वर पाठवला आणि वरून उत्तर आलं: वडील चालायला लागेपर्यंत घरून काम करण्यास परवानगी. मी ते बाबांना वाचून दाखवलं. म्हटलं, बघा, तुम्ही चालायला लागलात की मी मोकळा. मी हे त्यांना हुरूप यावा म्हणून म्हणालो होतो. माझी बोलायची पद्धत अशीच आहे, चांगलं सांगायला जातो आणि नोटीस दिल्यासारखं होतं.

रेवसच्या अलीकडे आमचं घर. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे मोरी. कंपनीने लॅपटॉप दिला नाही. लॅपटॉप मॅनेजर लोकांना असतो. मला टेम्पोतून डेस्कटॉप आला. तो मी बाबांच्या खाटेसमोर, खिडकीखालच्या टेबलावर मांडला, म्हणजे काम करता करता त्यांच्यावर लक्ष राहील. बाबांनी पडल्या पडल्या विचारलं, "ह्याचं इंजिन कुठं?"

बाबा तीसेक वर्षं रेवस ते भाऊचा धक्का या लाँचवर ड्रायव्हर होते. ड्रायव्हर म्हणजे इंजिनवाला. सुकाणू सारंगाच्या हातात. लोकांना सारंग दिसायचा. बाबा खाली, तेलात. मी त्यांना मॉनिटरशेजारची काळी पेटी दाखवली. पंख्याची घरघर त्यांनी डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, "बेरिंग गेलंय." मशीन नवं कोरं होतं. जेवायला उठताना मी हौसेने त्यांना दाखवलं, की पेटीवरचं हे गोल बटण एकदा हलकेच दाबलं की मशीन बंद होत नाही, नुसतं झोपतं. काम जिथल्या तिथे राहतं, घरघर थांबते, पुन्हा दाबलं की उठतं. बाबांनी मान हलवली. बाबांनी मान हलवली की मला बरं वाटतं, ही माझी लहानपणापासूनची खोड. तिचा मला कधी फायदा झालेला नाही.

दिवाळीपर्यंत सगळं ठीक चाललं. फक्त बाबा चालत नव्हते. वॉकर खाटेच्या उशाशी उभा आणि बाबा भिंतीकडे तोंड करून आडवे. मी म्हणायचो, बाबा, चाला. ते म्हणायचे, चालंन. संडासला जाताना माझ्या खांद्यावर सगळा भार टाकायचे, इतका की माझी मान धरायला लागली. बरं, समजवायला जावं तर उत्तर ठरलेलं, "तू जा तुझ्या कामाला. माझी काळजी नको. मला काय व्हतंय?" खुब्यात सळी असलेल्या माणसाने हे म्हणावं! मी चिडायचो आणि टेबलावर जाऊन बसायचो.

मग मशीनने झोपायला सुरुवात केली.

मी चहा ठेवून यायचो, तर पडदा काळा. आंघोळ करून यायचो, तर काळा. आता हे ऐकणाऱ्याला काही मोठं वाटायचं नाही. झोपलं तर झोपलं, उठवावं. पण मशीन झोपलं की ऑफिसशी जोडलेली लाईन तुटते. मी उघडलेला कागद माझ्याच नावावर अडकतो, दुसऱ्या कुणाला तो उघडता येत नाही, आणि तिकडे बंदराच्या फाटकाशी एक ट्रक उभा राहतो. ट्रकवाला मालकाला फोन करतो, मालक मॅडमना करतो, मॅडम मला करतात. मॅडम माझ्याहून दहा वर्षांनी लहान आहेत आणि कधीही आवाज चढवत नाहीत. त्याचा त्रास जास्त होतो.

पहिल्यांदा मी जे सगळे करतात ते केलं. सेटिंगमध्ये गेलो. किती वेळाने झोपावं, तर कधीच नाही. पडदा किती वेळाने काळा व्हावा, तर कधीच नाही. दुसऱ्या दिवशी मी अंगणात वाळत घातलेले कपडे काढून आलो, मशीन गाढ झोपलेलं. मी ऑफिसच्या आयटीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, रिस्टार्ट करा. केलं. तो म्हणाला, अपडेट करा. केलं, त्यात अर्धा दिवस गेला. मग म्हणाला, माऊस बदला. माऊसचा आणि झोपेचा संबंध काय असं मी विचारलं, तर म्हणाला, कधी कधी असतो. हे सगळं बोलणं आमचं नेहमीच्या ऑफिसच्या भाषेत, म्हणजे अर्ध्याहून जास्त इंग्रजीत. बाबा समोर पडलेले असायचे. त्यांना वाटायचं, पोरगा कामाचं बोलतोय.

माऊस बदलला. कीबोर्ड बदलला. इन्व्हर्टरची वायर बदलली. भिंतीवरच्या पालीवर मी दोन दिवस पाळत ठेवली. शेजारणीच्या मांजराला खिडकीत बसायला बंदी घातली. त्यावरून शेजारीण आठ दिवस माझ्याशी बोलत नव्हती. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ना, ते मी पगारी सुट्टी टाकून केलं.

शेवटी आयटीवाल्याने मला मशीनची डायरी उघडायला शिकवलं. मशीन कधी झोपलं, कधी उठलं, का झोपलं, सगळं ते आत टिपून ठेवतं हे मला ठाऊक नव्हतं. मी ती उघडली. वेळा एकाखाली एक होत्या आणि प्रत्येक वेळेपुढे कारण लिहिलं होतं. कारण : बटण. खाली पुन्हा, कारण : बटण. अशी पानंच्या पानं.

मी बटणाकडे बघितलं. बटण आपल्या जागेवर होतं. घरात माणसं दोन. एक मी, जो त्या वेळी टेबलाजवळ नव्हतो, आणि एक खाटेवर, ज्याला उठवून बसवायला मला दोन्ही हात लागत होते. म्हणजे बटण आपोआप दाबलं जातंय. मी पेटी पोत्यात गुंडाळून मोटरसायकलवर बांधली आणि अलिबागला नेली. बाबा म्हणाले, बेरिंगच बघायला सांग. तिथल्या दुरुस्तीवाल्याने पेटी उघडली, वाकून बघितलं, आणि डॉक्टरांसारखाच बाहेर येऊन म्हणाला, "खारी हवा." त्याच्याकडे प्रत्येक रोगाला हे एकच नाव आहे आणि आमच्या भागात ते सहसा चुकत नाही. बटणाची स्प्रिंग गंजून आत अडकत असणार, तो म्हणाला. त्याने बटण साफ केलं, फवारा मारला, दहा वेळा दाबून दाखवलं. झकास. बटण दाबलं तरी काहीच होऊ नये अशीही एक सेटिंग असते, तो म्हणाला, पण तिला तुमच्या ऑफिसने कुलूप लावलंय.

घरी आणून जोडली. संध्याकाळी दळण घेऊन आलो, तर झोपलेली.

मी डायरीतल्या वेळा कागदावर उतरवल्या. सकाळी दहा, मी मासळी घ्यायला कोपऱ्यावर. पावणेबारा, मी मोरीत. चार, मी गिरणीत. एकदाही, अगदी एकदाही, ते मशीन मी समोर असताना झोपलं नव्हतं. खरं सांगतो, मला त्याची भीती वाटायला लागली. माणूस चिडला की अडाणी होतो. मी त्याला उदबत्ती तेवढी ओवाळायची बाकी ठेवली.

त्या आठवड्यात बुधवारी मॅडमचा फोन आला. त्या म्हणाल्या, मी तुम्हाला दोनदा सांभाळून घेतलं, आता वरून विचारणा झालीय. तुमच्या गावात हे काम होत नाही असं दिसतंय. सोमवारपासून ऑफिसला या, मशीन मागाहून टेम्पोने मागवून घेऊ. मी म्हटलं, वडील अजून चालत नाहीत. त्या म्हणाल्या, मला कळतंय. पण ट्रकवाल्यांना नाही कळत.

मी बाबांना सांगितलं, सोमवारी जावं लागेल, ऑफिसने बोलावलंय. का बोलावलं ते सांगितलं नाही; मशीन झोपतं म्हणून बापाला सोडून जातोय हे कुठल्या तोंडाने सांगायचं? गावातली एक बाई दोन वेळा येऊन जेवण आणि बाकीचं करेल असं ठरवलं. बाबा म्हणाले, "जा की." आणि भिंतीकडे वळले. त्या रात्री ते जेवले नाहीत. पोट जड आहे म्हणाले.

शुक्रवारी सकाळी मासळीवालीची हाक आली म्हणून मी पिशवी घेऊन निघालो. कोपऱ्यापर्यंत गेलो आणि लक्षात आलं, पाकीट टेबलावर राहिलं. परत आलो. पडवीत चप्पल काढणार तेवढ्यात आतून आवाज आला, "सात."

मी खिडकीतून बघितलं. बाबा उभे होते. वॉकर धरून, ताठ, एक पाय किंचित ओढत, पण उभे. खाटेपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले, दाराच्या चौकटीला हात लावला, वळले, परत आले. "आठ." टेबलापाशी थांबले. कान तिरका करून ऐकलं. पेटीच्या डोक्यावर तळहात ठेवला, तापलीय का बघतात तसा. रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. मग एका बोटाने बटण हलकेच दाबलं. घरघर थांबली. ते पुढे चालू लागले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी शाळेत वाक्यात उपयोग करून दाखवली होती. तिच्यासाठी मोटरसायकलवर पेटी बांधून अलिबागला जावं लागेल हे तेव्हा गुरुजी बोलले नव्हते. मी पाकीट न घेताच परत फिरलो आणि मासळीवालीकडून उधारीवर बोंबील आणले. दहा मिनिटांनी आलो तर वॉकर उशाशी, बाबा भिंतीकडे तोंड करून. "आलास?" म्हणाले, अगदी कण्हत.

मी पिशवी स्वयंपाकघरात नेली. आमच्या घरात महत्त्वाचं बोलणं जेवताना होतं, कारण तेव्हा कुणाला उठून जाता येत नाही. बोंबील तळले, ताट त्यांच्यापुढे ठेवलं आणि विचारलं, "बाबा, माझं मशीन तुम्ही बंद करता?"

"बंद न्हाय. झोपवतो," ते म्हणाले. लपवाछपवी काही नाही. "तूच दावलंस."

"का पण?"

"का म्हंजे? तू उठून जातोस आणि ते चालूच. इंजिन चालू आणि जवळ माणूस न्हाय, असं करतात व्हय कुणी? धक्क्याला लागली लाँच की मी चहाला जायचो ते इंजिन बंद करून. खलाशी हसायचे. हसू देत. एकदा एका लाँचीवर ड्रायव्हर तसाच सोडून गेला, तर मागं पेटलं ते इंजिन. तू इसरतोस, म्हणून मी करतो. तुला बोललो न्हाय, म्हटलं उगाच वाईट वाटंल."

मी त्यांना सगळं सांगितलं. लाईन तुटते ते, ट्रक उभे राहतात ते, मॅडमचे फोन. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. त्यांचा चेहरा असा मी आई गेली तेव्हाच बघितला होता.

"म्हंजे सोमवारचं मी केलं?"

"हो."

मला वाटत होतं, हे म्हटल्यावर माझा राग उतरेल. उलट चढला. म्हणालो, "आणि चालता कधीपासून?"

बाबा बोंबलाचा काटा काढत बसले. बोंबलाला काढण्यासारखा काटा नसतो.

"दिवाळीपासनं."

"मग रोज माझ्या खांद्यावर लोंबकळता ते कशाला? माझी मान मोडायची बाकी राहिलीय. मी एवढा घसा फोडून सांगतोय, चाला, चाला. मला सांगायला काय झालं होतं?"

"मी चालायला लागलो की तू जाणार, असं तूच बोलला व्हतास," बाबा म्हणाले. "म्हटलं, पडून ऱ्हायलेलं बरं. पण डाक्टर बोलला, न्हाय चाललास तर कायमचा पडशील. मग तू भायेर गेलास की चालायचो."

मी शिव्यांच्या बाबतीत कमी नाही. त्या मशीनला मी तीन महिने भरपूर दिल्या होत्या. त्यातली एकही मला त्या वेळी आठवली नाही. मी उठलो, हात धुतला, आणि मॅडमना फोन लावला. घरात रेंज येते-जाते, पडवीच्या टोकाला ती टिकते, आणि आवाज नीट ऐकू यायला स्पीकर लावावा लागतो. मी त्यांना सांगितलं की बिघाड सापडला. मशीनमध्ये काही दोष नाही, माझे वडील बटण दाबत होते, आता नाही दाबणार.

मॅडमनी विचारलं, "पण ते तर झोपून असतात ना? तुम्ही म्हणाला होतात चालता येत नाही."

आली का पंचाईत. नाही म्हटलं असतं तर खपलं असतं. खाटेवरून हात पुरतो, काठीने दाबायचे, काहीही. तिकडून कोण बघायला येणार होतं? मी तोंड उघडलं, आणि मागे वॉकर टेकल्याचा आवाज आला. बाबा दारातून पडवीत आले होते. उंबरठा ओलांडून. डॉक्टरांनी घरातल्या घरात सांगितलं होतं, उंबरठ्याचं नाव नव्हतं काढलं. त्यांनी हात पुढे केला आणि मी फोन दिला.

"बाय, मी त्याचा बाप बोलतो," बाबा म्हणाले. लाँचवर इंजिनाच्या आवाजात बोलायची सवय, त्यामुळे निम्म्या आळीने ऐकलं. "तुमचं मशीन मी झोपवत व्हतो. त्याला ठाव न्हवतं. त्याला बोल लावू नका."

मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही चालता?"

"चालतो. बारा फेऱ्या. आज पडवीत आलो."

"कुणी धरायला लागतं?"

"न्हाय."

"आंघोळ, जेवण?"

"माझं मी करतो. करता येतं." बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मी हातवारे करत होतो, बाबा, बस करा. प्रत्येक उत्तरासरशी ते मला सोमवारच्या लाँचमध्ये बसवत होते. पण खोटं बोलायची त्यांची तीन महिन्यांची ताकद संपली असावी.

"मग काका, आता अडचण काय आहे?" मॅडमनी विचारलं. त्यांनी ते चांगल्या मनाने विचारलं, मला ऐकू आलं.

बाबा वॉकरवर जरा वाकले. "अडचण काय न्हाय," म्हणाले. "चालता येतं. पण बाय, चालून जायचं कुठं? ह्या खोलीतनं त्या खोलीत. दोन्ही खोल्यांत कुणी नसंल तर चालून काय करू? मला तो हवा हाय. त्याला मी तसं कधी बोललो न्हाय. तुम्हाला बोलतो."

मी पडवीच्या खांबाला धरलं. माझ्या वयाला शोभणार नाही इतकं रडू आलं मला, आणि शेजारीण मांजर कडेवर घेऊन कुंपणातून बघत होती.

मॅडम बराच वेळ बोलत होत्या. बाबांनी फोन कानाला घट्ट लावला होता, स्पीकर चुकून बंद झाला होता, मला काही ऐकू येत नव्हतं. ते नुसतं "व्हय" म्हणत होते, मधेच "बरं", मग पुन्हा "व्हय". शेवटी त्यांनी फोन माझ्या हातात दिला. तो कट झालेला होता.

"सोमवारचं ऱ्हायलं," ते म्हणाले. "म्हैन्यातनं दोनदा तोंड दावायला जा, बोलली. सकाळच्या लाँचीनं जा, संध्याकाळी ये. शिमग्यानंतर पुन्हा बघू, बोलली."

मग वॉकर उचलून ते वळले आणि आत जायला लागले. उंबरठ्याशी त्यांचा पाय अडला. मी पुढे झालो नाही. त्यांनी तो स्वतः उचलून पलीकडे टाकला, थांबले, आणि पाठमोरेच म्हणाले, "तुला ऱ्हायचं हाय ना पण?"

हे मला आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला नाही. मी हो म्हणालो.